महाधनेश: नेहमी विचारले जाणारे प्रश्न, आणि एक कुणी न विचारलेला

संक्रांत झाली की फोन वाजायला लागतो. "दादा, गरुड बघितला! हा एवढा मोठा, डोक्यावर शिंग!" मागोमाग हललेला, धूसर फोटो येतो आणि तो धनेशाचा, म्हणजे हॉर्नबिलचा निघतो. देवरूख-संगमेश्वरच्या रानात गेली काही वर्षं मी या पक्ष्याच्या मागे आहे. शाळेत, मंडळात, कुणाच्या पडवीत चहा घेताना तेच ते प्रश्न येतात. दर वेळी नव्याने उत्तर देण्यापेक्षा एकदा लिहून ठेवावं म्हणून हे पान.

हा गरुड आहे का?

नाही. कोकणात बऱ्याच गावांत याला गरुडच म्हणतात आणि त्यात काही पाप नाही. मोठा पक्षी, पंखांचा घोंघावणारा आवाज, विष्णूच्या वाहनाला शोभेल असा थाट. पण गरुडाची चोच आकडेबाज असते, तो पायांनी भक्ष्य पकडतो. धनेश मुख्यतः फळं खाणारा पक्षी आहे आणि त्याचं कूळही पूर्ण वेगळं. खंड्या आणि हुप्पो ही मंडळी नात्याने त्याला गरुडापेक्षा कितीतरी जवळची.

मग खरं नाव काय?

पुस्तकात महाधनेश किंवा राजधनेश. बोलताना ककणेर, माडगरुड, गरुड. पण ककणेर हे नाव कुठे या मोठ्याला लावतात, कुठे त्याच्या लहान भावाला, म्हणजे मलबारी कवड्या धनेशाला. त्यामुळे कुणी "ककणेर दिसला" म्हणालं की मी आधी विचारतो, "शेपटीवर काळा पट्टा होता का?" शास्त्रीय नाव ब्युसेरॉस बायकॉर्निस, १७५८ साली लिनियसने दिलेलं. बायकॉर्निस म्हणजे दोन शिंगांचा. समोरून पाहिलं तर चोचीवरच्या टोपाच्या दोन कडा वर आलेल्या दिसतात आणि मधे खळगा, म्हणून ते नाव.

महाराष्ट्रात धनेश किती प्रकारचे? ओळखायचे कसे?

भारतात नऊ जाती आहेत, त्यातल्या चार आपल्याकडे.

पुणे, नागपूर, मुंबईत मोठ्या झाडांच्या जुन्या बागेत जो करड्या रंगाचा, घारीएवढा पक्षी दिसतो तो राखी धनेश. चोचीवर छोटंसं टोकदार शिंग. शहरातल्या माणसाने धनेश पाहिला असेल तर बहुधा हाच. त्याच्यासारखाच राखी, पण चोचीवर शिंग अजिबात नसलेला आणि कुणी वेड लागल्यासारखं हसावं तसा ओरडणारा तो मलबारी राखी धनेश. हा फक्त पश्चिम घाटात आणि लगतच्या रानात सापडतो, जगात इतरत्र कुठेही नाही. तिसरा मलबारी कवड्या: पाठ काळी, पोट पांढरं, टोपावर काळा डाग. आणि चौथा हा महाधनेश. चोचीच्या टोकापासून शेपटीपर्यंत तीन फुटांहून जास्त, कधी चारच्या वर. पंख पसरले की पाच फुटांच्या आसपास. वजन दोन ते चार किलो.

उडताना बघा: काळे पंख, त्यांच्या मधोमध आडवा पांढरा पट्टा, पांढरी शेपूट आणि शेपटीवर एक ठसठशीत काळी पट्टी. बाकी तिघांत हे सगळं एकत्र कुणाकडे नाही.

मानेचा तो पिवळा रंग खरा असतो का?

हा माझा सगळ्यात आवडता प्रश्न. पण तो मोठी माणसं विचारत नाहीत, चौथी-पाचवीतली पोरं विचारतात.

उत्तर असं की पिसं खरी पांढरी आहेत, पिवळा तो स्वतः लावतो. शेपटीच्या मुळाशी, वरच्या बाजूला एक तैलग्रंथी असते. बहुतेक पक्ष्यांना ती असते. चोचीने तेल घ्यायचं आणि पिसांना चोपडायचं, एवढंच तिचं काम. महाधनेशाच्या ग्रंथीतून येणारं तेल मात्र पिवळं असतं आणि तिच्या तोंडाशी आखूड पिसांचा झुपका असतो, अगदी रंगाऱ्याच्या ब्रशासारखा. पक्षी मान मागे वळवतो, चोच आणि टोप त्या झुपक्यावर घासतो, मग मानेवर, पंखांच्या पांढऱ्या पट्ट्यावर फिरवतो. मान हळदीने माखल्यासारखी होते. चोच आणि टोपाचा पिवळेपणाही बराचसा याच तेलाचा. शेपटीपर्यंत हा कारभार फारसा पोचत नाही, म्हणून ती पांढरी राहते.

मी हे पहिल्यांदा नीट पाहिलं ते एका सकाळी, वाळलेल्या फांदीवर ऊन खात बसलेल्या नराकडे दुर्बीण लावून. अर्धा तास चालू होतं. घासायचं, पुसायचं, पिसं झाडायची, पुन्हा घासायचं. लग्नाला निघालेल्या माणसाला घरच्यांनी "चला आता" म्हणून हाका मारल्या तरी आरशासमोरून हलवत नाही, तसा तो. शेजारच्या फांदीवर मादी कंटाळून उडून गेली.

नर-मादी ओळखता येतात का?

येतात, डोळ्यांवरून. नराचा डोळा लालभडक, मादीचा फिकट, निळसर पांढरा. नराच्या टोपाच्या पुढच्या-मागच्या कडा काळ्या असतात. मादी आकाराने थोडी लहान. आणि हो, दोघांनाही पापण्यांचे केस आहेत, लांब, काळे, वळलेले. ते केस नसून बदललेली पिसं आहेत. फोटोत ते दिसले की लोक हमखास विचारतात, "काजळ लावलंय का?"

चोचीवरचं ते शिंग कशासाठी? जड नाही का होत?

महाधनेशाचा टोप आतून पोकळ असतो, हाडाच्या जाळीचा. म्हणून दिसतो तेवढा जड नसतो. तरी एवढी चोच पेलायची म्हणजे मान भक्कम हवी. धनेश कुळातल्या सगळ्याच पक्ष्यांच्या मानेचे पहिले दोन मणके एकमेकांना जुळलेले असतात.

पिल्लाला टोप नसतो. दुसऱ्या वर्षापासून तो आकार घ्यायला लागतो आणि पुरा व्हायला सुमारे पाच वर्षं जातात. म्हणजे टोप बघून वयाचा अंदाज बांधता येतो. फळांनी लदलेल्या वडा-उंबराच्या आसपास कधीकधी दोन नर हवेत समोरासमोर येऊन टोपावर टोप आपटतात. लाकडावर लाकूड हाणावं तसा आवाज होतो.

आग्नेय आशियातल्या शिरस्त्राणधारी धनेशाचा टोप मात्र भरीव असतो, हस्तिदंतासारखा कोरता येणारा. त्यासाठी त्याची इतकी शिकार झाली की आज ती जात नष्ट होण्याच्या उंबरठ्यावर आहे. आपल्या पक्ष्याचा टोप पोकळ निघाला, हे त्याचं नशीब.

उडताना रेल्वे इंजिनासारखा आवाज का येतो?

पंखाच्या आतल्या बाजूला, मोठ्या पिसांची मुळं झाकणारी छोटी पिसं असतात. धनेशाला ती जवळजवळ नसतात. मुळांमधल्या फटींतून हवा सूं सूं करत जाते. शांत दरीत हा आवाज पाऊण किलोमीटरवरूनही ऐकू येतो. पाच-सहा वेळा पंख मारायचे, मग तरंगत जायचं, पुन्हा पंख मारायचे. आमच्याकडे म्हातारी माणसं वर न बघता सांगतात कोण चाललंय ते.

खातो काय?

फळं, आणि फळांत पहिला मान वड-उंबर-पिंपळ-नांदरूक कुळाचा. या झाडांचा मोठा गुण असा की ती सगळी एकाच वेळी फळत नाहीत. रानात बारा महिने कुठे ना कुठे एखादं लगडलेलं असतंच. ज्याला रोज फळ लागतं त्याच्यासाठी ही रोजची भाजी-भाकरी. पिल्लं वाढवायच्या दिवसांत मात्र तेलकट, पौष्टिक फळंही लागतात: रानजायफळ, धूप आणि त्यांच्यासारखी. भेर्ली माडाची फळंही खातात. ती आपल्या हाताला लागली तर दिवसभर खाज सुटते.

अगदी शुद्ध शाकाहारी समजू नका. सरडे, किडे, लहान साप, उंदीर, दुसऱ्या पक्ष्यांची पिल्लं, जे मिळेल ते घेतो. विशेषतः घरात खाणारी तोंडं असतील तेव्हा.

खाण्याची पद्धत बघण्यासारखी आहे. जीभ आखूड, चोच लांब. चोचीच्या टोकात धरलेलं फळ घशापर्यंत ढकलता येत नाही. म्हणून मान झटकून फळ मागे उडवायचं आणि घशात झेलायचं. दाणे उडवून खाणारी पोरं असतात ना, तसं.

काजऱ्याची विषारी फळं खाऊन त्याला काही होत कसं नाही?

काजऱ्याचं विष मुख्यतः बियांत असतं. धनेश गर खातो आणि बी न फोडता तसंच बाहेर टाकतो. आपण हा प्रयोग करू नये, हे वेगळं सांगायला नको.

पाणी पीत नाही, हे खरं?

चातकाच्या गोष्टीसारखं वाटतं, पण यात तथ्य आहे. लागणारं पाणी त्याला बहुतेक सगळं फळांतूनच मिळतं.

त्याला "जंगलाचा माळी" म्हणतात ते का?

म्हणतात खरं, पण मला तो शब्द फारसा रुचत नाही. माळी ठरवून लावतो. हा फक्त खातो आणि उडतो. पण परिणाम मोठा आहे. धुपासारख्या झाडाचं फळ सबंध गिळायला तेवढं तोंड लागतं. बुलबुलाला, तांबटाला ते जमत नाही. धनेश गिळतो, दोन-चार किलोमीटरवर जाऊन बसतो आणि मोठ्या बिया घशातून एकेक करून स्वच्छ बाहेर टाकतो. उंबरासारख्या बारीक बिया विष्ठेतून जातात. मोठ्या बियांच्या झाडांना रानात इतक्या लांब नेणारं वाहन फारसं उरलेलं नाही.

नर मादीला ढोलीत कोंडून ठेवतो, हे खरं का? केवढा अन्याय!

हा प्रश्न दर कार्यक्रमात येतो, आणि महिला मंडळात आला तर पुढची दहा मिनिटं त्यातच जातात.

कोंडत नाही. ती स्वतः कोंडून घेते.

सह्याद्रीत साधारण जानेवारी-फेब्रुवारीत जोडी ढोलीची पाहणी करते. नर फळ आणून देतो, ढोलीपाशी बोलावतो, मादी आत डोकावते, बाहेर येते, पुन्हा डोकावते. मनासारखं झालं की आत शिरते आणि आतून तोंड लिंपायला घेते. माल काय, तर मुख्यतः स्वतःची विष्ठा, चघळलेल्या फळांचा गर, ढोलीतला भुसा. चोचीच्या बाजूने थापी मारल्यासारखं थापत राहते. काही दिवसांत ते वाळून विटेसारखं कडक होतं. उरते ती एक उभी फट, चोच बाहेर निघेल एवढीच. साप, घोरपड, माकड, मांजरकुळातलं जनावर, कुणालाही आत शिरता येऊ नये यासाठी हा खटाटोप.

आत एक किंवा दोन अंडी. ३८ ते ४० दिवस उबवायची. याच काळात तिची उडण्याची आणि शेपटीची पिसं झडून नवी येतात. म्हणजे घरात बसायचंच आहे तर डागडुजीही उरकून घ्यायची. विष्ठा करायची तर ती मागची बाजू फटीला लावून नेमकी बाहेर पिचकारी मारते. पिल्लूही लवकरच ते शिकतं. आत घाण राहत नाही.

आणि नर? तो पहाटेपासून हमाली करत असतो. एका बेहड्यासमोर मी सकाळी सहाला बसलो होतो. पावणेआठला पंखांचा आवाज आला. थेट ढोलीवर नाही आला, समोरच्या किंजळावर वीस मिनिटं पुतळ्यासारखा बसला. गळा फुगलेला. मग झेप घेऊन ढोलीच्या तोंडाशी नख्या रोवल्या, शेपूट खोडाला टेकवली, मान झटकली आणि चोचीच्या टोकावर एक उंबर आलं. फटीतून मादीच्या चोचीचं टोक पुढे झालं, उंबर आत गेलं. पुन्हा झटका, पुन्हा एक उंबर. मी मोजली: एकतीस उंबरं, मग तीन मोठी काळपट फळं आणि शेवटी एक हिरवा सरडा, गळ्यात एवढा वेळ कुठे ठेवला होता कोण जाणे. सरडा आत जायला दोनदा अडला. नराने तो परत घेतला, उलटा केला, डोक्याकडून दिला. गेला. साडेबारापर्यंत असा तो तीनदा आला.

पिल्लू थोडं मोठं झालं की बहुतेक वेळा मादी भिंत फोडून बाहेर येते आणि दोघं मिळून खाऊ आणायला लागतात. पण पिल्लू उघडं राहत नाही. ते आतून पुन्हा लिंपून घेतं! कुणी न शिकवता, तीच विष्ठा, तोच गर, तीच फट. काही जातींत मादी आणि पिल्लू एकदमच बाहेर पडतात, इथे तसं नाही. सगळं मिळून साधारण चार महिन्यांचा हिशोब: संक्रांतीनंतर मादी आत, शिमग्याला ती आतच, आणि मिरग लागायच्या आत पिल्लू फांदीवर. वर्षाला बहुतेक एकच.

नर मेला तर मादी आत उपाशी मरते का?

भिंत तिने बांधलेली आहे, ती फोडूही शकते. पण ऐन पिसं झडलेल्या दिवसांत बाहेर पडली तर उडता येत नाही. आणि पिल्लू वाचायची आशा जवळजवळ संपते. एका गोळीत एक पक्षी जात नाही, त्या वर्षाचं सगळं घर जातं, ते यामुळे.

स्वतःच ढोली का नाही कोरत? चोच तर केवढी आहे!

चोच मोठी आहे, पण सुताराची नाही. ती पोकळ टोपाची चोच लाकडावर हाणण्यासाठी नसून फळ खुडण्यासाठी आहे. महाधनेशाला आयती ढोली लागते: फांदी मोडली, तिथे पाणी मुरलं, बुरशीने गाभा पोखरला, वर्षानुवर्षं पोकळी वाढत गेली, अशी. तीन किलोची बाई आत पिल्लासकट मावायची म्हणजे खोड किती जाड हवं याचा विचार करा. तसं खोड व्हायला माणसाच्या दोन-तीन पिढ्या जातात.

आमच्या भागात मला ढोल्या सापडल्या त्या बेहडा, आंबा, सातवीण यांत, आणि बऱ्याचशा देवराईत. देवाच्या धाकाने राहिलेली झाडं ती. पूर्वी इमारती लाकडासाठी निवडून तोड व्हायची तेव्हा पोकळ झाड सुटायचं, कारण त्याला भाव नव्हता. आता कोकणात खासगी रान अख्खं साफ होतं, सरपणासाठी, काजूसाठी, खाली दोडामार्गाकडे रबरासाठी. त्यात पोकळ-भरीव असा भेद उरत नाही. सगळं एका गाडीत.

लोकांना वाटतं धनेश कमी झाला तो शिकारीने. शिकार होतीच, आहेच. पण खायला उंबर आहे, जोडीदार आहे, आणि घरच नाही, अशा जोड्या मी पाहिल्यात. एकाच ढोलीवरून दोन जोड्यांची मारामारी फेब्रुवारीत आठवडाभर चालते. ढोली एकदा पसंत पडली की वर्षानुवर्षं तीच वापरतात. म्हणून एक झाड गेलं की एक जोडी कायमची बेघर होऊ शकते.

लाकडाची पेटी टांगली तर चालेल का?

काही ठिकाणी चाललंय. थायलंडमध्ये पिलाई पूनस्वाद या शास्त्रज्ञ बाईंनी १९७८ पासून धनेशावर काम उभं केलं. पूर्वी पिल्लं चोरणारी माणसंच तिथे ढोल्यांची राखण करायला लागली. त्यांच्या कामात मला सगळ्यात भावली ती ढोलीची दुरुस्ती. जुन्या ढोलीचा तळ कुजत खाली जातो. तळ खोल गेला की मादीची चोच फटीपर्यंत पोचत नाही आणि चांगली ढोली निकामी होते. त्यांनी तळाशी माती भरून तो वर आणला, तोंड बुजत चाललं असेल तिथे ते मोठं केलं. पेटी टांगण्यापेक्षा आहे ती ढोली नांदती करणं मला जास्त शहाणपणाचं वाटतं. पण हे काम वन विभागाच्या परवानगीने आणि जाणत्या माणसाबरोबरच करायचं. हौसेने शिडी घेऊन चढू नका.

धनेशाचं तेल सांधेदुखीवर चालतं का?

नाही. पुन्हा एकदा: नाही. बाळंतिणीला, लकव्याला, गुडघ्याला, कशालाही नाही. बाजारात त्या नावाने मिळणाऱ्या बाटलीत काय असतं ते विकणाऱ्यालाच ठाऊक. आणि खरोखर धनेशाचं असेल तर आणखी वाईट. हा पक्षी वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. २०२२ च्या दुरुस्तीनंतर अशा प्राण्याच्या शिकारीला किमान तीन आणि कमाल सात वर्षं कैद, वर किमान २५ हजार रुपये दंड. "शिकार" या शब्दात कायद्याने पक्ष्याच्या अंड्यांना, घरट्याला त्रास देणंही धरलं आहे, हे फार थोड्यांना माहीत असतं.

पाळता येतो का?

कायद्याने नाही. पण एका पाळलेल्या धनेशाची गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही.

१८९४ मध्ये कारवारहून एक पिल्लू मुंबईत आलं, बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीला भेट म्हणून. त्याचं नाव पडलं विल्यम. तो १९२० पर्यंत सोसायटीच्या कार्यालयात राहिला. केळी, उंबरं तर खायचाच, शिवाय जिवंत उंदीर, विंचू आणि कच्चं मांस मिटक्या मारत. पाणी पीत नसे, अंघोळही नाही. तीस फुटांवरून टेनिसचा चेंडू फेकला की चोचीत झेलायचा. उंबर झेलायची सवय कामी आली म्हणायची. १९३३ मध्ये संस्थेला पन्नास वर्षं झाली तेव्हा बोधचिन्ह म्हणून महाधनेश आला तो याच्यावरून. मुंबईतली त्यांची इमारतही हॉर्नबिल हाऊस.

२६ वर्षं कचेरीत काढलेला पक्षी. गोष्ट गोड आहे, पण त्याला एकदाही जोडीदार मिळाला नाही, हे माझ्या मनातून जात नाही.

नागालँडचा हॉर्नबिल फेस्टिव्हल म्हणजे धनेश बघायचा उत्सव का?

नाही, तो नागा जमातींचा सांस्कृतिक उत्सव, २००० पासून डिसेंबरच्या पहिल्या दहा दिवसांत कोहिमाजवळ किसामाला भरतो. नाव पक्ष्याचं, कारण त्यांच्या पोशाखात आणि कथांत त्याला मान आहे. पक्षी बघायचा तर अरुणाचलचं पक्के अभयारण्य गाठा. तिथल्या न्यिशी लोकांच्या टोपीवर पूर्वी धनेशाची खरी चोच असायची. आता फायबरची बसवतात, हुबेहूब. तिथे ढोली दत्तक योजनाही आहे. शहरातले लोक पैसे देतात, गावातली माणसं घरट्यांची राखण करतात. महाधनेश अरुणाचलचाही राज्यपक्षी आहे आणि केरळचाही. एवढ्या लांबच्या दोन राज्यांनी एकच पक्षी निवडला.

आमच्या जवळ कुठे दिसेल?

सिंधुदुर्गात आंबोली, तिळारी. रत्नागिरीत सह्याद्रीच्या पायथ्याची गावं आणि जुन्या देवराया. गोव्यात मोले, म्हादई, खोतीगाव. कारवारकडे उतरलात तर दांडेली, तिथे कवड्या धनेशही भरपूर. वेळ सकाळची, आणि ठिकाण फळलेलं उंबर. धनेशामागे धावू नका, उंबराखाली बसा. तो येतो. आला नाही तर हरियाल, कुटुर्गा, शेकरू यांत सकाळ कुठे गेली कळत नाही.

ढोलीचा फोटो काढायचाय. किती जवळ जाऊ?

जाऊच नका, हे खरं उत्तर. पण मीही गेलोय, तेव्हा माझी चूक सांगतो. पहिल्या वर्षी मी झाडापासून पंधरा-वीस पावलांवर बसलो, वर हिरवा कपडा वगैरे घेऊन. मला वाटलं, दिसत नाही मी. नर आला, किंजळावर बसला, गळा भरलेला. बसूनच राहिला. सव्वा तासाने तसाच भरल्या गळ्याने परत गेला. फटीतून मादीची चोच दोनदा बाहेर आली, आत गेली. मला त्या दिवशी एक फोटो मिळाला, तिला एक जेवण कमी मिळालं. तेव्हापासून समोरच्या उतारावर, निदान शंभर मीटरवर दुर्बीण लावून बसतो. आणि ढोलीचं ठिकाण समाजमाध्यमांवर टाकत नाही, तालुक्याच्या नावापुढे कुणालाच सांगत नाही. तुम्हीही टाकू नका.

आमच्या मालकीच्या रानात असं झाड आहे. काय करू?

आधी खात्री करा. खोडाच्या बुंध्याशी बघा: एका बाजूला विष्ठेचे पट्टे, बियांचा खच, त्यांतून उगवलेली रानजायफळाची, धुपाची रोपं, जी आसपास कुठे नाहीत. वर बघण्याआधी खाली बघितलं की ढोली सापडते. मग ते एक झाड आणि त्याच्याभोवतीची दहा-बारा झाडं तोडीच्या सौद्यातून वगळा. लेखी वगळा, कारण कंत्राटदाराच्या माणसाला तोंडी बोलणं आठवत नाही. वेली छाटू नका, त्या सावली धरतात. जानेवारी ते मे तिथे गुरं चारायला किंवा पाला पेटवायला जाऊ नका. आमच्या वाडीतल्या एका आजोबांनी एवढंच केलं, आणि सौद्यात बेहड्याचे पैसे कमी झाले म्हणून घरात महिनाभर बोलणी खाल्ली. ढोली अजून चालू आहे.

आणि तो कुणी न विचारलेला प्रश्न?

खरं तर एकदाच विचारला गेला, एका जिल्हा परिषद शाळेत. तिसरीतली मुलगी, शेवटच्या रांगेतली: "तिला आतून काय दिसतं?"

त्यानंतरच्या फेब्रुवारीत मी फटीच्या समोर, तिच्या नजरेच्या रेषेत उतारावर बसलो. फट तीन बोटं रुंद, वीतभर उंच. समोर किंजळाची एक फांदी, तिच्यामागे आभाळाची पट्टी. उन्हं चढली तशी आत काळोख दाट झाला. अकराच्या सुमारास फटीत काहीतरी फिकट चमकलं. दुर्बीण स्थिर केली. डोळा होता, एकच, निळसर पांढरा. तो त्या फांदीवर लागलेला होता, जिथे नर येऊन बसतो.